टेस्टर आधी तपासायचा

१४ ऑक्टोबर

ति. बाबा,

सलाम. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या सोमवारी आमच्या कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली: महिनाअखेर काम बंद.
२. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कोणी डबा उघडला नाही.
३. पॅकिंगमधल्या मावशी मला म्हणाल्या, "इंजिनीअरबाई, तुमच्यात प्रार्थना करतात ना? मग कर की!"
४. मी केली.

चौथ्या मुद्द्याला खुलासा हवा. मी म्हटलं, "मावशी, सवय मोडलीय." त्या म्हणाल्या, "अगं, दिवसभर मोडलेलंच दुरुस्त करतेस ना तू?" सगळे हसले. मग उठावंच लागलं.

चारच वाक्यं बोलले. दुसऱ्यातच तुमचा शब्द आला: जिवंत आशा. ठरवून नव्हता आणला. नोकऱ्या वाचतील असं मी म्हटलं नाही. जो मेलेल्यांतून उठला तो उद्याही आपल्यासोबत आहे, एवढंच म्हटलं. बोलताना ते मला खरं वाटत होतं, बाबा. अजूनही वाटतं.

नोटीस तशीच आहे. पण डबे उघडतात. मावशी रोज विचारतात, "आज कोण बोलणार?" आणि कोणीतरी बोलतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

आईच्या दफनाच्या वेळी तुम्ही हाच शब्द उच्चारलात, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मेलेल्या तारेला जिवंत म्हणू नका." तेव्हापासून तीन वर्षं आपण फक्त गुडघ्याबद्दल बोलतो.

तुम्ही जन्मभर वायरमन. लाइन मेली म्हणण्याआधी टेस्टर चालू लाइनवर लावून बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत. बिघडलेला टेस्टर प्रत्येक तार मेलेलीच दाखवतो. त्या दिवशी मी स्वतःला न तपासता निकाल देऊन मोकळी झाले. तार चालू होती. बिघाड माझ्यात होता. चूक माझी. मला माफ करा.

अठ्ठावीस तारखेला आमचं शेवटचं एकत्र जेवण आहे. सत्तेचाळीस माणसं. मावशी म्हणतात, "तुझ्या वडिलांनाच आण, तू फार आटोपतं घेतेस." मलाही तो शब्द तुमच्या तोंडून ऐकायचाय, या वेळी मध्ये न बोलता.

याल की नाही, ते बावीस तारखेपर्यंत कळवा.

ख्रिस्तात तुमचीच,
लेक