कुणाचे पाय गार?

९ डिसेंबर, मंगळवार

बॉल माझ्या कोर्टात आहे म्हणे!

व्हिसाचं काम बघणारा तो टायवाला एजंट फोनवर म्हणाला — "अंकल, बाकी सगळं रेडी आहे. नाउ द बॉल इज इन युअर कोर्ट." कोर्ट ऐकलं आणि पुढचं काही कानातच शिरलं नाय. वेरूळच्या लेण्यांखाली टुरिस्टांच्या गाड्या पुसण्यापासून सुरुवात केली, आज पडेगावला स्वतःचं गॅरेज आहे, रोडवर माझ्या टॅक्स्या पळतात, पण कोर्टाची पायरी कधी चढलो नाय! लगेच धम्मपालला फोन लावला. धम्मपाल म्हणजे माझा मेव्हणा, वकील आहे. म्हणलं, बघ रे बाबा, यानं माझ्यावर काय केस टाकली का.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग असा हसला की समोरचा पक्षकार उठून गेला असंल.

"दाजी, ते टेनिसचं कोर्ट! चेंडू तुमच्याकडं आलाय, म्हणजे आता काय करायचं ते तुम्ही करा. तुमची सही राहिली असंल."

राहिलीये, खरंय. माझ्या लेकीचं, दीपमालाचं, आयर्लंडला जायचं ठरलंय, डब्लिनला, टुरिझम शिकायला. हमीपत्रावर आईबापाच्या सह्या लागतात. आईची झाली. माझी व्हायचीये. वीस तारखेच्या आत कागद पोचले नाय तर ह्या खेपेची सीट गेली. पण करू की! सही म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम.

ही म्हणाली, "मग घालवा ना ती दोन मिनिटं." (ही म्हणजे मुक्ता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत काय अन् वहीत काय, नाव तोंडात येत नाय. आपली 'ही'च.)

१० डिसेंबर, बुधवार

निळं पेन सापडलं नाय. काळ्यानं चालतं का, विचारलं पाहिजे.

११ डिसेंबर, गुरुवार

गारखेड्याला क्लासला जाऊन आलो. रूपाली मॅडमचा क्लास — इंग्रजी वाक्प्रचार, रोजच्या बोलण्यातले. बाकडी भरून कॉलेजची पोरं, नोकरीवाल्या बाया, आणि कोपऱ्यात पांढऱ्या मिशांचा मी. मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. मला "काका" म्हणतात, पण चूक काढताना काकाबिका काय बघत नाय!

इंग्रजी मी कानानं शिकलो. टुरिस्ट बोलायचे, मी फडकं मारता मारता ऐकायचो. कान पहिल्यापासून तिखट. गाडी फाटकातून आत आली की बेअरिंग गेलंय का नाय ते आवाजावरून सांगतो. ड्रायव्हर "ट्रॅफिक लागलं साहेब" म्हणतो, त्याच्या आवाजामागं कपबश्या वाजतात — कुठल्या टपरीवर बसलाय तेही सांगतो. पण हे वाक्प्रचार कानानं नुसते ऐकू येतात, कळत नाय. आणि उद्या पोरगी तिकडं गेली, तिची घरमालकीण फोनवर काय बोलली, आपण वकिलाला फोन करत बसायचं का?

आजचा वाक्प्रचार — 'सिटिंग ऑन द फेन्स'. मॅडम म्हणाल्या, काका, वाक्यात वापरा. म्हणलं, "माय गोट इज सिटिंग ऑन द फेन्स." बाकडी हलंस्तवर हसली पोरं.

"काका, बकरी नाही, माणूस. ज्याचं हो का नाही ठरत नाही तो."

मी म्हणलं, "मग सरळ तळ्यात-मळ्यात म्हणा ना!"

मॅडमना एवढं आवडलं की फळ्यावर लिहिलं — तळ्यात-मळ्यात. छाती फुगली माझी. येताना वाटेत एजंटाचं ऑफिस लागतं. गाडी जरा हळू केली. पण मागून रिक्षावाला लईच हॉर्न मारत होता, थांबायला जागा नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार

जिवाला थारा नाय. सकाळी गॅरेजात गेलो, तिथून घरी आलो, परत गॅरेजात. पायाला भिंगरी लागल्यागत झालंय. चहा जास्त होतोय बहुतेक.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आत दीपमाला तिच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती — सोनियाशी, जी आधीच डब्लिनला पोचलीये. आजकालच्या पोरी, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. कानाला झाकण नसतं त्याला काय करायचं!

"पेपर सगळे तयार आहेत गं… बट आय थिंक ही हॅज गॉट कोल्ड फीट."

कोल्ड फीट! हिचे पाय गार पडलेत! आणि मला पत्ता नाय. ही कधी काही सांगायची नाय, दुखणं अंगावर काढायचं, सगळं पोरीला माहीत अन् नवऱ्याला नाय.

आणि एक गोष्ट खटकली. जन्म दिलेल्या आईला 'ही' म्हणायचं? 'मम्मी' म्हणायला काय झालं? तिकडं जायच्या आधीच हे, तर तिकडून आल्यावर काय!

१४ डिसेंबर, रविवार

गुलमंडीवर जाऊन लोकरीचे मोजे आणले, चांगले जाड. घरी येऊन तिळाच्या तेलात लसूण-ओवा कढवला. माझी आई थंडीत असंच करायची. वाटी घेऊन हिच्यासमोर बसलो. म्हणलं, "पाय दे इकडं."

ही दोन पावलं मागं सरली. "अहो, काय केलंत तुम्ही?"

"काय केलं म्हणजे?"

"लग्नानंतर पहिल्यांदा पाय धरताय. काहीतरी लफडं असल्याशिवाय धरणार नाय."

"तुझे पाय गार पडतात ना? लपवू नको. मला सगळं ऐकू येतं."

पाय हातात घेतले — ऊन भाकरीसारखे गरम! उलट हीच ओरडली, "अगं बाई, हात केवढे गार तुमचे! बर्फ झालाय नुसता."

दीपमाला दारात उभी राहून बघत होती. हसली नाय. वेळ साधून म्हणाली, "पप्पा, कागद टेबलावर ठेवलेत. काळं पेन चालतं. मी विचारलं."

म्हणलं, तेलाचे हात आहेत बाई.

१५ डिसेंबर, सोमवार

हिनं मोजे शेजारच्या वच्छलाबाईंना देऊन टाकले. "माझे पाय ठणठणीत आहेत, त्यांना तरी उपयोग होईल." कुणाचं भलं करायला जावं तर हे असं!

१६ डिसेंबर, मंगळवार

अरारारा! आज क्लासमध्ये मॅडमना विचारलं — कोल्ड फीटवर इंग्रज लोक काय औषध घेतात? मॅडमनी डस्टर खाली ठेवलं.

"काका, कोल्ड फीट हा आजार नाही. वाक्प्रचार आहे. आधी मोठ्या उत्साहानं हो म्हणायचं, आणि ऐनवेळी, आता करायचंच अशी वेळ आली, की कचरायचं. त्याला कोल्ड फीट म्हणतात."

"म्हणजे हातपाय गार पडणं? आपल्यातबी आहे की!"

"जवळ आहे, पण तेच नाही. आपले हातपाय भीतीनं गार पडतात, समोर साप आला तरी. यांच्यात आधी होकार पाहिजे. शब्द दिलेला पाहिजे. मग पाय मागं घ्यायचा."

परत येताना गाडी चालवत होतो पण डोकं तिथंच. आता सगळं लख्ख कळलं! हीच ती! आधी मोठी हौसेनं सही करून बसली, आणि आता आतून कचरतीये. पोरीनं बरोबर ओळखलं. आई ती आई. एकुलती एक लेक साता समुद्रापार चाललीये, तिला जड जाणारच. बिचारी!

खोटं कशाला लिहू, जीव जरा हलका झाला. हिचंच मन नाय म्हणल्यावर घाईनं सही करून उपयोग काय? बायकोच्या मनाविरुद्ध जाऊ नये माणसानं. नवऱ्यानं ऐकावं कधीतरी बायकोचं.

(पेढे मीच वाटले होते पडेगावभर. "माझी लेक आयर्लंडला चालली!" — सगळ्यांत मोठा आवाज माझा.)

१७ डिसेंबर, बुधवार

काही काम नसताना वेरूळला गेलो. देवळाबाहेर पेरू घेतले. खाल्ले नाय. तसाच परत. दौलताबादच्या घाटात गाडीतून बारीक आवाज येत होता, थांबून बॉनेट उघडलं, काही नाय. परत चालू केली, परत आवाज. एवढा कान असून सापडंना! गॅरेजात मिस्त्रीला दिली. त्यानं दोन चकरा मारल्या, म्हणाला, "शेठ, गाडी एकदम ओके आहे. तुम्हीच जरा थकल्यासारखे दिसता."

गॅरेजच्या ऑफिसात दीपमाला नेहमीसारखी टॅक्सीची बुकिंग घेत होती. फ्रेंच कुटुंब, त्यांना अजिंठा करून संध्याकाळी परत यायचं होतं. कानाला हेडफोन, एका हातानं टायपिंग, दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला खूण — दोन नंबरची गाडी काढ. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं डोळ्यांपुढं आणून बघितलं. येईना.

बुकिंग झाल्यावर सोनियाचा फोन. परत तेच. "ही वोंट ॲडमिट इट, यार. ही लव्ज मी टू मच, दॅट्स द प्रॉब्लेम." म्हणजे ही कबूल करत नाय. जीव लावते फार, हाच घोटाळा. किती समजूतदार पोरगी! आईचं मन वाचते, पण बोलून दाखवत नाय. आता बोलायचं काम बापाचं.

१८ डिसेंबर, गुरुवार

बोललो. बोलायला नको होतं का काय, कळंना.

दुपारी ऑफिसात दीपमालाला म्हणलं, "बघ बेटा, कॉलेज काय पळून जात नाय. तुझ्या मम्मीचं मन लागंना. एक वर्ष थांब. पुढच्या खेपेला जा."

ती बघतच राहिली. "मम्मीनं सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला कान आहेत."

"पुढच्या खेपेला तुम्ही पाठवाल?"

"म्हणजे काय! मी केव्हा नाय म्हणलं?"

ती उठली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. फोन वाजत होता, उचलला नाय. आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं. शेवटी मीच उचलला. कुणीतरी इंग्रजीत भराभरा बोललं. मी "यस, यस" म्हणलं. काय बुक केलं देव जाणे.

घरी आलो तर ही दारातच. पदर खोचलेला. म्हणजे संपलं!

"माझं नाव घेऊन पोरीला थांबवलंत?"

"तुझ्यासाठीच केलं. तुझं मन —"

"माझ्या मनाचं तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या बापानं मला सातवीतनं काढली. का, तर शाळा नदीच्या पलीकडं. नदी! त्याचा पण लई जीव होता माझ्यावर. रोज म्हणायचा, पुढच्या साली घालू. मी सही केली तेव्हा क्षणभर थांबले नाय. कागदावर एकच जागा रिकामी आहे, कडुबाशेठ. ती माझी नाय."

नावानं हाक मारली! उभ्या जन्मात पहिल्यांदा.

मी म्हणलं, बाई, तुझे पाय गार पडलेत, तुला कळत नाय. ही माझ्याकडं अशी बघायला लागली, जसा काय मलाच ताप आलाय. मग धम्मपालला फोन केला. म्हणलं, तुझी बहीण कबूल करंना. तो म्हणाला, "दाजी, उद्या एकोणीस आहे." आणि ठेवून दिला.

क्लास बुडवला. जेवलो नाय नीट. ओट्यावर येरझारा घालतोय. बसवत नाय, उभं राहवत नाय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दीपमाला गॅरेजात आली. डोळे सुजलेले. "पप्पा, मम्मीचे पाय गार पडलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. सोनियाला. ही हॅज गॉट कोल्ड फीट — या कानांनी ऐकलंय."

ती आधी हसली. मग हसता हसता रडायलाच लागली. "पप्पा… ते मराठीतलं 'ही' नाय. इंग्रजीतलं."

इंग्रजीतलं ही. म्हणजे तो.

आमच्या घरात 'तो' एकच आहे.

सही केली. काळ्या पेनानं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. कागद घेऊन पोरगी एजंटाकडं पळाली. तिच्या स्कूटीचा आवाज पार छावणीच्या वळणापर्यंत ऐकला.

घरी आलो. मुक्तानं तेल तापवून ठेवलं होतं, लसूण-ओवा घालून. वाटी घेऊन समोर बसली.

म्हणाली, "आणा. आता पाय पुढं करा."