धानाची ओळ

३ ऑगस्ट १९३६, दवनीवाडा
सकाळी सुखरामच्या बैलबंडीतून गोंदियाला. खजिन्यातून पेन्शन आणि सरकारी रोख्यांचं सहामाही व्याज आणलं. व्याजातला कर नेहमीप्रमाणे आधीच कापलेला. सावकार असो की माझ्यासारखा निवृत्त पोष्टमास्तर, कात्री एकच. ज्याचं उत्पन्न थोडं त्याने मागाहून अर्ज करून तो परत मागावा, असा नियम. आजवर आळस केला. आता नाही. सौ.चा उजवा मोतीबिंदू पिकला आहे. नागपूरचे डॉ. म्हणतात, थंडीत कापू. तो खर्च पेन्शनीत बसत नाही. कर परत आला तर बसेल.

९ ऑगस्ट
अर्ज भरला. 'इतर उत्पन्न' या ओळीत धानाची किंमत घातली. शेत सुखराम बटईने करतो, अर्धं धान घरी येतं. ते लपवायचं कसं?
सौ. खाटेवरून, "धान कायले लिहून राहिले? ते तं आपण खाऊन टाकतो!"
म्हटलं, सरकारी कागद आहे, खोटं चालत नाही.
"मोठे आले हरिश्चंद्र!"

२६ सप्टेंबर
उत्तर आलं. एकूण उत्पन्न मर्यादेबाहेर, सबब कर परत मिळणार नाही. दोनदा वाचलं.
सौ.ला सांगितलं, अजून उत्तर नाही. हे खोटं मात्र चाललं.

१८ ऑक्टोबर
भातात खडा. गुपचूप गिळला. सौ. हल्ली तांदूळ बोटांनीच निवडते.
"खडा लागला ना? चावाचे थांबले तुमी."
मग पत्राचंही सांगून टाकलं. रागावली नाही. डाव्याने पण धूसरच दिसते, एवढंच म्हणाली. फार लाज वाटली.

१७ नोव्हेंबर
इन्कमटॅक्सच्या साहेबांचा मुक्काम गोंदियाला. सुखरामची कापणी सुरू, तरी बंडी जुंपली. "धान दोन दिस थांबन मास्तर, बाईचे डोळे नाही थांबाचे."
तिथला कारकून हिंदी बोलणारा. कागद चाळून, "मास्टरसाहब, ये 'इतर' में क्या है?"
"धान."
त्याने कपाळावर हात मारला. "खेती की आमदनी पर इन्कमटैक्स लगता ही नहीं! किसने कहा था लिखने को?"
कोणी नाही. उलट घरून नको म्हणत होते.
पोट धरून हसला. मग नवा अर्ज स्वतः लिहून दिला, साहेबांपुढे उभा राहून माझी बाजू मांडली. अठ्ठावीस वर्षं टपालखिडकीच्या आत बसलो. बाहेर उभ्या माणसासाठी मी असा कितीदा उठलो असेन? देव त्याचं भलं करो.
परतताना सुखराम, "मालगुजार एवढ्या जमिनीचा धनी, तो तरी धानावर हा टॅक्स भरते का? साऱ्या गावाले माहीत हाय." मग आधी का नाही बोललास? "तुमी इचारलं कधी?"

११ जानेवारी ३७
परताव्याचा हुकूम आला! पैसा आपलाच, तरी कोणी हातावर प्रसाद ठेवावा तसं वाटलं. सौ.ने कागद बोटांनी चाचपून देवापुढे ठेवला. सुखरामकडे पेढे.

२ फेब्रु., नागपूर
उजवा कापला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उताणं पडून राहायचं, हसायचंसुद्धा नाही. मी हरिश्चंद्र म्हणून ओळख करून दिली तर ओठ आवळून म्हणाली, "गप ऱ्हा, टाके तुटतीन."

९ फेब्रु.
उद्या सकाळी पट्टी उघडणार. किती दिसेल? डॉ. "पाहू" म्हणतात.
काहीही होवो, इथवर आणलं. त्या कारकुनाने, सुखरामने, आणि खरं तर हिनेच. हिचं तेव्हाच ऐकलं असतं तर...
लग्नानंतर पोष्टातल्या पाकिटांवरचे पत्ते दाखवूनच हिला अक्षरं शिकवली होती. आज एक कोरं पाकीट घेतलं. आत पुढच्या वर्षीच्या अर्जाचा मराठी मसुदा, तिने तपासायचा. धानाची ओळ नाही. वर मोठ्या, ठळक अक्षरांत पत्ता लिहिला: सौ. यमुनाबाई, खाट पाचवी.
तिच्या उशाशी ठेवलं आहे.