तुमच्या वाटचे चार थेंब

आप्पा, तुमच्या नातीनं बिअर बनवली. तुम्ही शिंदी पिणारे, तेव्हा तुम्हाला फार समजावून सांगायला नको. जालन्यात एका हॉटेलमागं तिनं आणि जावयानं छोटासा कारखाना टाकलाय. अंबडकडची ज्वारी घातली, वर मोसंबीची साल. परवा पहिली चव घ्यायला घरच्यांना बोलावलं होतं. माझ्या शेजारी व्याही, कडक इस्त्रीचे. मीही कमी नव्हतो, जावयानं दिलेला कोट घालून उकडत बसलो होतो.

पोरीनं शिकवलं, आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, घोट लगेच गिळायचा नाही. मी ग्लास नाकाशी नेला आणि थेट घनसावंगीच्या रानात पोचलो. तुमच्या किटलीतली, उन्हानं आणखी आंबलेली ज्वारीची आंबील. मेंढरं बाभळीखाली बसलीत, तुम्ही बोटं बुडवून चार थेंब मातीवर शिंपडताय आणि मला दटावताय, "आधी गेलेल्यांचं, मंग आपलं. इसरायचं न्हाई." विसरलो नव्हतो, आप्पा. माझी बोटं आपोआप ग्लासात बुडाली आणि थेंब त्या चकचकीत फरशीवर पडले. व्याह्यांनी विचारलं, हे काय? टोमणा नव्हता, सहज विचारलं त्यांनी. माझ्या बापाची ही रीत आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "हात थरथरतो हल्ली."

लाज वाटते. पोरीचा चेहरा उतरला. तिनं वाकून फरशी पुसली, म्हणजे तुमचा वाटाच पुसला, आणि हळूच म्हणाली, "पप्पा, कधीपासून होऊन राह्यलं हे? सांगितलं बी न्हाई तुम्ही." तिला तुमच्याबद्दल मी तसं काहीच सांगितलेलं नाही, तिनं ओळखावं तरी कसं? आता सोमवारी डॉक्टरकडे जायचंय, आणि घरात मला चहा अर्धा कप मिळतो, सांडू नये म्हणून. हात माझा दगडासारखा स्थिर आहे. त्या दिवशी शेवटचा घोट मी ग्लासात राखून ठेवला होता, बाहेर पडताना मातीत ओतावा म्हणून. तिनं तो पाहिला आणि विचारलं, "आवडली न्हाई ना?" व्याही ऐकत होते. आंबील हा शब्द ओठांवर आला, मी तो गिळला आणि छान आहे म्हणालो, परक्याला म्हणावं तसं. तिनं ग्लास उचलून नेला. फार आवडली होती, आप्पा. हे तुम्हाला सांगतोय, तिला अजून सांगितलेलं नाही.