अडतीस

शनिवार, १७ जानेवारी. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.
लव्हर्नने तिच्या अंगणातली सेनेटर फेल्प्सच्या प्रचाराची पाटी उपटून गव्हर्नर लिंडमनची लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वतः पाहिलं. (दुर्बीण तिथेच असते. पक्ष्यांसाठी.) गोठलेल्या जमिनीत पाटी शिरेना, तर बाईने तव्याने ठोकली. एकोणचाळीस वर्षांचा शेजार!
लगेच जाऊन जाब विचारला. म्हणाली, अगं अर्शुला, फेल्प्स सोन्यासारखा माणूस आहे, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येणार आहे का? लिंडमन येईल. मी म्हटलं, सोन्यासारखा माणूस असला की त्याच्यामागे उभं राहायचं असतं, बाजारभाव विचारत फिरायचं नसतं.
संकल्प: २ फेब्रुवारीच्या पक्षसभेपर्यंत लव्हर्नला परत आणणे. तोवर आमचा दोघींचा गुरुवारचा पत्त्यांचा डाव बंद.

मंगळवार, २० जानेवारी.
पक्षाचा उमेदवार ठरवायला आमच्या आयोवा राज्यात गुपचूप चिठ्ठी टाकणं नाही. पक्षाची माणसं शाळेच्या जिममध्ये जमतात आणि सगळ्यांदेखत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहतात. पंधरा टक्के माणसं नसली तर कोपरा बाद, त्यांनी दुसरीकडे जायचं. भरलेला कोपरा मात्र एकदा मोजला की कुलूप. आतला बाहेर येत नाही.
फेल्प्सच्या कोपऱ्याची प्रमुख मी. यादी केली: बावीस, पक्के. एकतीस वर्षं गणित शिकवलंय. आकडे मला फसवत नाहीत.

गुरुवार, २२ जानेवारी.
एकटीच पत्ते खेळले. दोनदा हरले. पत्ते जुने झालेत.

सोमवार, २६ जानेवारी.
यादी सतरावर. बर्क नवराबायको म्हणाले, मनात फेल्प्सच आहेत, पण डोकं लिंडमन म्हणतं. मी म्हटलं, मग मन घेऊन या, डोकं घरी ठेवा. गणिताच्या शिक्षिकेने दिलेला सल्ला.
फक्त इथे लिहिते: फेल्प्स नोव्हेंबरच्या देशभरच्या निवडणुकीत जिंकतील असं मलाही वाटत नाही. पण वाटणं वेगळं आणि लव्हर्नसमोर कबूल करणं वेगळं.

रविवार, १ फेब्रुवारी.
यादी चौदा, मला धरून. लव्हर्न लिंडमनच्या कोपऱ्यात लिंबाच्या वड्या आणणार आहे म्हणे. उघड लाच. मी गाजरं चिरून नेणार. आमची माणसं विचारी आहेत.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.३०.
काल जे झालं ते शांतपणे लिहिते.
जिममध्ये एकूण एक्क्याण्णव माणसं. म्हणजे चौदा हवीत. आम्ही बरोबर चौदा! मोजणीला थोडा वेळ होता, म्हणून लव्हर्नला शेवटचं समजवायला त्यांच्या कोपऱ्यात गेले. तिने हातात वडी ठेवली. तोंडात वडी असताना निष्ठेवर बोलणं अवघड, पण मी बोलत होते. दुसरी वडी चालू असताना त्यांची मोजणी सुरू झाली. रांगेत प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. लव्हर्न म्हणाली, सदतीस. पुढचा शेतकरी वडी चघळत गप्प. एकतीस वर्षं वर्ग असा अडला की मी काय करत आले?
अडतीस, म्हटलं मी. खणखणीत.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया रोज बजावायच्या: अर्शुला, विचारल्याशिवाय उत्तर देऊ नकोस.
आमचा कोपरा: तेरा. बाद. मी हरकत घेतली. सभेचा अध्यक्ष ड्वेन, ज्याला अपूर्णांक मीच शिकवले, म्हणाला, बाई, शाईने लिहिलं की खाडाखोड नाही, तुम्हीच सांगायचात ना?
तेरा माणसं गाजरं हातात धरून माझ्याकडे बघत होती. त्यातली नऊ लिंडमनकडे आली. यजमानीण असल्यासारखी मी तिथेच उभी. एक्क्याऐंशी वर्षांच्या मिसेस वॉल्श काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, बरं झालं, तू आधीच जागा धरून ठेवलीस.

मंगळवार, संध्याकाळी.
ड्वेनविरुद्ध तक्रारीचा मसुदा तीनदा लिहिला. तिन्ही वेळा चौदातून एक वजा झाला, आणि तो एक मीच निघाले. फाडला.

बुधवार, ४ फेब्रुवारी. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.
लव्हर्न माझ्या अंगणात. हातात तवा. लिंडमनची पाटी ठोकून, खिडकीकडे बघून हात हलवून गेली. दुर्बिणीचं तिला ठाऊक आहे तर.
पाटी वाकडी होती. बाहेर जाऊन सरळ केली. फक्त सरळ केली.
तिच्या टपालपेटीत टाकलेल्या पत्राची ही नक्कल:
"लव्हर्न, परवानगीशिवाय माझ्या अंगणात पाटी लावल्याबद्दल तीव्र निषेध. माझं मत बदललेलं नाही, फक्त मोजलं गेलं आहे. तसंच, गुरुवारचे पत्ते तुझ्याकडे की माझ्याकडे, हे कळव. लेखी उत्तर उद्या दुपारी बाराच्या आत हवं. वड्या उरल्या असतील तर चिठ्ठी डब्यावर चिकटवलीस तरी चालेल."