तुमच्या साक्षीतली बायको

प्रिय सुनीलचे पप्पा,

सलाम.

तुम्ही प्रभूकडे गेलात त्याला येत्या रविवारी वर्ष होईल. त्याच दिवशी पाळकसाहेबांनी नव्या सुवार्तिकांच्या पाठवणीची उपासना ठेवली आहे. "सुमनबाई, तुमच्या साहेबांची साक्ष तुम्हीच वाचा. मुलांना बळ येईल," असं म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कपडे पिळताना, तांदूळ निवडताना तेच डोक्यात घोळतंय. म्हणून आज दुपारी ओटा पुसून लिहायला बसले. मी दमले आहे हो. हे तुम्हांला नाही तर कुणाला सांगू?

विक्रोळीच्या आपल्या चॅपलमागच्या खोलीत तुम्ही या नव्या सुवार्तिकांचा वर्ग घ्यायचात. कारखान्यातली पाळी सुटली की थेट तिकडे, कामाच्या कपड्यांतच. पोरांचा पहिला धडा ठरलेला होता. शास्त्रातली वचनं नंतर, आधी तुमची साक्ष पाठ करायची, प्रभूनं तुम्हांला कसं बदललं ती. "लहान मूल आधी अक्षर गिरवतं, मग स्वतःचं लिहितं. तुम्ही आधी माझी गिरवा," म्हणायचात.

मग सगळी एका सुरात सुरू व्हायची. 'मी दारू पीत होतो. मी माझ्या बायकोला मारत होतो. एका संध्याकाळी मी तिचा हात मोडला.' मी मागे चहा गाळत उभी. दर वेळी नजरा माझ्या मनगटाकडे वळायच्या आणि मी पदर हातावर ओढून घ्यायचे. तुम्ही ते कधी पाहिलंत का? नसेल पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले असायचे.

शेवटी यायचं, 'आणि माझ्या बायकोनं मला क्षमा केली.' त्यावर सगळ्यांचं आमेन. अहो, मला एकदा तरी विचारलंत का?

तुम्ही गेलात ते वर्ग अर्ध्यावर टाकून. पोरांचं गिरवून झालं होतं, स्वतःचं लिहायचं राहिलं होतं. पाळकसाहेबांनी तशाच अवस्थेत त्यांना घरोघर सुवार्ता सांगायच्या सरावाला धाडलं, घाटकोपरच्या डोंगरावर, मुलुंडला, आपल्या विक्रोळीत. घरातल्या बायकांशी बोलायला सोबत मी. माझे गुडघे आता जिने मानत नाहीत. रविवारी सकाळी तर कुणी दारच उघडत नाही, सगळे टीव्हीपुढे बसलेले. तरी तुमचं काम म्हणून जाते.

मागच्या महिन्यात दानिएलबरोबर इथल्याच एका चाळीत गेले होते. दानिएल म्हणजे तो चष्मेवाला, पाळकांच्या घराण्यातला, ज्याला तुम्ही 'संडे स्कूल' म्हणून चिडवायचात. एक मालवणी बाई सूप घेऊन सुकट निवडत होती. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, तो भरदुपारी आत आडवा. तिनं आम्हांला पाणी दिलं. दानिएलनं घसा साफ केला आणि सुरू झाला, "मी दारू पीत होतो. मी माझ्या बायकोला मारत होतो." त्या बिचाऱ्याचं अजून लग्नसुद्धा ठरलेलं नाही.

बाईचा हात सुकटीतच थांबला. "काल इल्लो तोय ह्याच सांगी होतो," ती म्हणाली. "मेल्यांनो, तुमी सगळ्यांनी एकाच बायलेक मारल्यात की काय?"

मला हसू फुटलं. आवरेचना. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. दानिएल खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "हो बाई, ती एकच आहे. मीच ती."

तिनं सूप बाजूला सारलं. आत झोपलेल्या नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "मगे? तू काय केलंस?"

इतकी वर्षं तुमच्या साक्षीत मी मार खाते आहे, पण मी काय केलं हे विचारणारी ती पहिलीच. मग सांगितलं तिला. सुनीलला कडेवर घेऊन माहेरी गेले, आईनं परत पाठवलं. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकले. तुम्ही दारू सोडलीत तेव्हा सगळी मंडळी रडली, मी रडले नाही. माझा विश्वासच नव्हता. त्यानंतरही कितीतरी दिवस तुमची पावलं वाजली की मी आधी सुनीलला शेजारी पाठवायचे.

"मगे इस्वास कधी बसलो?"

मला जरा आठवावं लागलं. मग पाण्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते हातानं जड उचलू नका, म्हणून सकाळी तुम्ही नळावर जायला लागलात. सगळ्या बायका, आणि त्यांच्यात हंडा घेतलेले तुम्ही एकटे पुरुष. चाळीतले लोक तुम्हांला 'पाणीवाली' म्हणायचे. हात बरा झाला तरी तुम्ही जातच राहिलात. गेलात त्या दिवशीसुद्धा पिंप काठोकाठ भरलेलं होतं. तुम्हांला पोचवायला आलेले लोक तेच पाणी प्यायले.

हे तुम्ही साक्षीत कधीच का सांगितलं नाहीत? लहान वाटलं? की हात मोडल्याचं ऐकून माणसं गप्प होतात आणि हंड्याचं ऐकून हसतात, म्हणून?

बाईनं आम्ही नेलेली सुवार्तेची पुस्तिका ठेवून घेतली. निघताना मला म्हणाली, "परत ये. पण ह्या पोराक आणू नको."

वाटेत दानिएल म्हणाला, "आन्टी, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच ना. मी कधी बिअरपण नाही प्यायलो. माझं कोण ऐकणार?" पाहिलंत? इथं तुमचं चुकलं हो. हातून मोठं पाप घडल्याशिवाय साक्षच होत नाही, असं या पोरांना वाटायला लागलंय.

तर रविवारचं मी ठरवलं आहे. तुमची साक्ष वाचणार नाही. पाळकसाहेब रागावले तर रागावू देत. मी नळावरच्या माणसाबद्दल बोलेन आणि पदर हातावर ओढणार नाही. दानिएललाही उभं करीन. त्याचं जे काही चार वाक्यांचं असेल ते त्यानं स्वतःचं सांगावं.

आणि तुम्हांला एक वचन देते. क्षमेचं ते वाक्य मी कुणापुढेही म्हणणार नाही. ते तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. वर भेट होईल तेव्हा डोळे उघडे ठेवून मला विचारा. उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. तरीही विचारा.

तुमची,
सुमन