उंची, वजन आणि किनाऱ्यावरची बाई

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार

आदरणीय विशाखाताई,

सविनय जय भीम. गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर? (त्यांना सांगा, संत्रा बर्फी फळांत मोजत नाहीत.) आम्ही दोघं बरे आहोत. नीना गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. वरण जमतं.

तुमच्या बहिणीच्या लेकीच्या कॉलेजचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर मला सुचत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. रोशनी इथल्या तळ्यावर शाळेकडून शिडाच्या होडीच्या शर्यतीत उतरते, ते तुम्हांला माहीतच आहे. आता तिला कॉलेजच्या टीममध्येही जायचंय. मला वाटलं, होडी चांगली चालवली की घेत असतील. तसं नसतं. मुलांनीच कोचना ईमेल करायचे, माहिती कळवायची, आणि पसंत पडलं तर कोच ॲडमिशनवाल्यांकडे शब्द टाकणार. या खेळात स्कॉलरशिप वगैरे नाही, फक्त शब्द.

एका कोचबाईंनी उंची, वजन, मार्क आणि फोटो मागितला. (होडीत दोघं बसतात, दोघांचं मिळून वजन बेताचं लागतं, हे मला नंतर कळलं.) मला वाटलं, हे काम आपल्याला येतं. तुमच्या धाकट्या नणंदेचा बायोडाटा मीच लिहिला होता. त्याच धर्तीवर लिहिलं: वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ, वडील इंजिनिअर, मामा बँकेत, आणि अपेक्षा सुस्वभावी टीमची. आणि माझ्याच ईमेलवरून पाठवून दिलं. उत्तर आलं की आभारी आहोत, पण आम्हांला मुलीकडून ऐकायला आवडेल.

“पप्पा, मामा बँकेत आहे हे कोचला का सांगितलंस?”

“घर चांगलं आहे हे कळायला.”

“ओ माय गॉड. तू माझं बोटीशी लग्न लावतोयस!”

मग तिनं स्वतः लिहिलं आणि बाईंचा सूर बदलला. त्यांनी शर्यतीचा व्हिडिओ मागितला. तो मी निवडला. नीनानं जेट्टीवरून काढलेला, दोन उन्हाळ्यांपूर्वीचा. त्यात आपली पोरगी शेवटून निघून सगळ्यांना मागे टाकते. (लॅपटॉपचा आवाज मी बंदच ठेवतो. सवय.)

बाईंना व्हिडिओ फार आवडला. पण, म्हणाल्या, किनाऱ्यावरून एक बाई ओरडते आणि लगेच होडी वळते, असं तीनचारदा झालंय. शर्यत चालू असताना बाहेरून कोणी सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम आहे. या कोण, आणि काय सांगताहेत? इंग्रजी भाषांतर शुक्रवारपर्यंत पाठवा, त्याच दिवशी ॲडमिशनवाल्यांना नावं द्यायची आहेत.

ताई, नीना आणि कोच! वैनगंगेच्या डोंग्यात ती डोळे मिटून बसायची. शिडाला शेवटपर्यंत चादर म्हणाली. जेट्टीवर यायची ती घडीची खुर्ची आणि डबा घेऊन. मी बाईंना कळवलं की ती माझी पत्नी, आता नाही, आणि तिला वारा कुठून येतो तेही कळत नसे. त्यांनी फार चांगलं उत्तर लिहिलं, तरी भाषांतर हवंच म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. रोशनीच्या नावावर शंका राहायला नको. आणि भाषांतराचं काय, बसलो की अर्ध्या तासाचं काम.

भाऊजींना जय भीम सांगा.

आपला,
धर्मराज

ता. क. अर्ध्या तासाचं वर लिहिलं, ते खरं नाही. काल बसलो होतो. व्हिडिओ उघडला, आवाज सुरू केला नाही, आणि उठून वरण लावलं. रोशनीला विचारलं तर म्हणाली, “तू कर ना, पप्पा,” आणि सायकल काढून निघून गेली. व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. नीना काय बोलते ते तुम्ही ऐकून जसंच्या तसं लिहून पाठवाल का? इंग्रजी मी करतो. बुधवारपर्यंत मिळालं तर बरं.

पुन्हा ता. क. त्या दिवशी मी चटणी घरी विसरलो होतो. मध्ये कुठे ती माझ्यावर ओरडली असेल, तर ते कोचबाईंच्या कामाचं नाही. पण गाळू नका. वेगळ्या कागदावर लिहा.