फोटोखालची ओळ

सर, ज्या सकाळी तुमचा हात मोडला, त्याच सकाळी मोटारसायकलवर तुम्ही मला रागावला होतात. आदल्या आठवड्यातल्या मोर्चाचे माझे फोटो तुम्हाला आवडले नव्हते. "सगळे लांबून काढलेस. भीती वाटत असेल तर तसं सांग, पण झूम लावून कुणी धीट होत नाही." मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होते, कॅमेरा कॉलेजचा होता, आणि तुम्ही पेपरच्या ऑफिसातून वेळ काढून आम्हाला शिकवायला यायचात. वर्गात बसून हे येत नाही म्हणायचात आणि ज्याला यायचं त्याला बातमीच्या जागी घेऊन जायचात. त्या दिवशी मी एकटीच आले होते.

नेवाशाच्या अलीकडे उसाच्या फडात बिबट्या अडकला होता. पहाटे त्यानं ऊसतोड्यांच्या कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून, एक लहान मुलगी ओढून नेली होती. आपण पोचलो तोवर ती सापडली होती. लुगड्यात गुंडाळून तिला बैलगाडीत ठेवलं होतं आणि फळ्यांमधून रक्त खाली मातीत ठिबकत होतं. तिची आई चाकाला धरून बसली होती, रडतही नव्हती. तुम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. "इथं नाही," एवढंच मला म्हणालात.

फडाच्या तीन बाजूंना माणसं आहेत, हातात काठ्या, कोयते, पाइपाचे तुकडे. एकटा वनरक्षक हात जोडून सगळ्यांना मागं सारतोय. "भुलीचं इंजेक्शन घेऊन गाडी येतीय, जरा दम धरा." कुणी दम धरत नाही. चौथ्या बाजूनं पाचट पेटवतात आणि ते जनावर बाहेर येतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा किती लहान, शेपटीचे केस जळलेले. पहिली काठी कमरेत बसते आणि त्याचे मागचे पायच जातात. त्यानंतर मला ते दिसत नाही, नुसते वर जाणारे आणि खाली येणारे हात दिसतात. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज येतो, पुन्हा पुन्हा. मी फोटो काढतेय, या खेपेला जवळून. तुम्ही माझ्या शेजारी गुडघ्यावर बसलेले.

मग कुणीतरी ओरडलं, "आरं, फोटू काढत्यात! केस हुईल!" आणि सगळे आपल्याकडे वळले. पुढे त्या मुलीचा बाप होता. "माझी लेक गेली आन तू फोटू काढतो व्हय रं?" बोली आमच्या शेवगावकडचीच, थेट माझ्या चुलत्याची. तुम्ही मला मागं ढकललंत आणि तुमचा कॅमेरा पोटाशी धरलात. त्याचा पहिला फटका तुमच्या उजव्या हातावर बसला, दुसरा कानामागे. तुम्ही मातीत पडलात तरी तो मारतच राहिला, रडत, मुलीला हाका मारत. मी माझा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. वनरक्षक तुमच्या अंगावर आडवा पडला नसता तर तुम्ही तिथंच संपला असतात.

संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात तुमच्या डोक्याला टाके होते, हात प्लास्टरमध्ये. पेपरातून फोन आला, तुम्हाला मारतानाचा माझा फोटो पहिल्या पानावर जाणार होता आणि खालची ओळ मी द्यायची होती. मी वाचून दाखवली, 'संतप्त जमावाचा छायाचित्रकारावर हल्ला'. तुम्ही सुजलेल्या तोंडानं म्हणालात, "जमावाला हात नसतात. मारलं कुणी?" मी म्हटलं, त्या बापानं. "मग तसं लिही. आणि त्याची मुलगी सकाळीच बिबट्यानं मारली, तेही त्याच ओळीत लिही." मी चिडले. "सर, तो तुम्हाला जिवे मारत होता. त्याच्या पोरीला कशाला मध्ये आणायचं?" तुम्ही डोळे मिटलेत. "ती मध्येच आहे. सकाळपासून."

मी तशी ओळ लिहिली आणि तशीच छापून आली. पोलीस तक्रार घ्यायला आले तेव्हा मात्र तुम्ही सही केली नाहीत. मी विचारलं, तर म्हणालात, "फोटो लोकांचा. तक्रार माझी, ती मला नाही द्यायची." बिबट्या मारल्याच्या केसमध्ये तो बाप इतरांबरोबर आत गेला आणि जामिनावर सुटला. तुमची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. कॅमेरा उलटा धरून डाव्या अंगठ्यानं बटण दाबायला तुम्ही आमच्यासमोर शिकलात, हसत हसत, आणि काविळीनं गेलात तोवर तसेच फोटो काढत राहिलात.

मी आता तुमच्याच कामात आहे. दगडफेक पाहिली, पेटलेले ट्रक पाहिले, रस्त्यावर पडलेली माणसं पाहिली. खालची ओळ तुम्ही सांगितली तशीच लिहिते. मागच्या आठवड्यात शेवगावच्या बाजारात तो बाप दिसला. म्हातारा झालाय, पोतं अंथरून शेवग्याच्या शेंगा विकत होता. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा बघून हसला. "ताई, आमचा बी काढा की येक." मला त्यानं ओळखलं नव्हतं. कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या मुठीत आवळला गेला होता आणि तो कॅमेरा तसाच त्याच्या तोंडावर हाणावा असं मला वाटलं, अगदी दात पडेपर्यंत. मी निघून आले.

हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही त्याला दवाखान्यातल्या त्या खाटेवरच सोडून दिलंत. मला ते अजून जमलेलं नाही, सर.